दोन तारखांचं लग्न: हडपसरचं एक प्रकरण

या जोडप्याला लग्नाची तारीख विचारली की दोघं आधी एकमेकांकडे बघतात. घरातल्या अल्बमवर 9 फेब्रुवारी 2025 छापलंय, सरकारी दाखल्यावर 4 मार्च 2025. मधले 23 दिवस ते नवरा-बायको होते की नव्हते? या प्रश्नाला मी वकील म्हणून एक उत्तर दिलं आणि मुलाच्या आत्यांनी दुसरं. आजही आमचं त्यावर एकमत नाही.

मी पुण्यात कौटुंबिक प्रकरणं बघते, शिवाजीनगरला बसते. जातीबाहेर लग्न करणारी जोडपी महिन्याला दोन-तीन तरी येतात. बहुतेकांचं काम कागदपत्रं नीट लावून दिली की संपतं. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यात कुणी पळून गेलं नाही, मारहाण झाली नाही, मुलाचं घर पूर्ण पाठीशी होतं आणि टेबलापलीकडची माणसंही नियमाला धरूनच वागली. तरी व्हायचा तो घोळ झालाच. दोघांना विचारून लिहिते आहे. नावं देत नाही, ओळख पटेल अशा एक-दोन गोष्टी बदलल्या आहेत.

माणसं

मुलगा हडपसरचा, माळी घरातला. मुलगी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका गावची, मराठा घरातली. हिंजवडीत नोकरी, वाकडला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याचा फ्लॅट. आधार कार्डावर पत्ता मात्र गावचाच राहिलेला, आणि तोच पुढे नडला.

तिसरं माणूस म्हणजे मुलाच्या आत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. गेली बारा-पंधरा वर्षं त्या सत्यशोधक पद्धतीनं, म्हणजे भटजीशिवाय, लग्नं लावतात. पैसे घेत नाहीत, जेवून जातात, आणि जेवणात मीठ कमी असेल तर तेही सांगून जातात. त्यांच्याकडे दोनशे पानी वही आहे. तिच्यात जोतीराव फुल्यांची मंगलाष्टकं उतरवलेली आहेत, वर आणि वधू आळीपाळीनं एकमेकांना म्हणतात ती. आत्यांच्या वडिलांचं लग्न 1956 साली असंच लागलं होतं. मुलाच्या वडिलांचं मात्र 1989 मध्ये भटजींनी लावलं, कारण मुलीकडच्यांनी हट्ट धरला. ही एवढीशी कौटुंबिक तडजोड मी पहिल्या भेटीत फक्त ऐकून घेतली. पुढे तिच्यावरच आमचं घोडं अडलं.

भाच्याचं लग्न आपणच लावायचं हे आत्यांनी तो दहावीत असताना ठरवलं होतं. मुलीलाही ते पसंत होतं. तिचं म्हणणं सरळ होतं: कन्यादान नको, जातीचं काही नको, आणि हातात पक्का सरकारी कागद हवा. म्हणून दोन गोष्टी एकाच दिवशी करायच्या ठरल्या. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर लग्न, आणि हॉलमध्ये आत्यांच्या हातून समारंभ. या कायद्याच्या कलम 12 नुसार विवाह अधिकारी जादा फी घेऊन कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावर येऊनही लग्न लावू शकतो. तारीख रविवार, 9 फेब्रुवारी. हॉलला आगाऊ रक्कम भरली, आचारी ठरला.

इथे पहिली चूक माझी. या कायद्यात तारीख आपल्या हातात नसते, नोटिशीनंतर किमान दोन महिने मोकळे ठेवून हॉल घ्या, असं मी पहिल्याच भेटीत खडसावून सांगायला हवं होतं. मी नुसतं "तीस दिवस लागतात" म्हणाले. त्यांनी तीस दिवस मोजले आणि वर आठवडा धरला.

मुलाच्या वडिलांची काळजी वेगळीच. "स्पेशल लग्न केलं की पोराचा सातबाऱ्यावरचा हिस्सा जातो म्हणतात." हडपसरमध्ये आज अर्धा एकर म्हणजे काय, हे पुणेकराला सांगायला नको. ही भीती अगदीच हवेतली नाही. मूळ कायद्याच्या कलम 19 नं अशा लग्नानंतर हिंदू माणूस एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं धरलं जायचं. पण 1976 मध्ये कलम 21अ आलं. दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर कलम 19 लागू होत नाही आणि वारसाही हिंदू वारसा कायद्यानंच ठरतो. त्यांना कलम छापून दिलं. त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि पुढचे दोन महिने भावकीत ज्याला त्याला दाखवलं.

काचेतला अंगठा

3 जानेवारीला विवाह अधिकाऱ्याकडे, आम्ही लग्न करणार आहोत अशी नोटीस दिली. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात आधीचे 30 दिवस राहिलेलं असलं की पुरतं, त्यामुळे पुण्यात देण्यात अडचण नव्हती. अडचण कलम 6 मध्ये आहे. नोटीस कार्यालयात ठळक जागी लावायची. शिवाय दोघांपैकी कुणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिची एक प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडे पाठवायची आणि त्यानंही ती लावायची. नोटिशीत नाव, वय, व्यवसाय, राहता पत्ता, कायमचा पत्ता असं सगळं येतं. म्हणजे मुलगी वाकडला कुठल्या इमारतीत राहते, ते तिच्या गावच्या जिल्ह्याच्या ठिकाणी भिंतीवर लागलं.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या चुलत भावानं तिला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. खाली एक शब्द नाही. फोटो मी पाहिला आहे. नोटीस बोर्डाच्या काचेत फोटो काढणाऱ्याचा मोबाइल आणि अंगठा उमटलाय, आणि त्या अंगठ्याच्या वरच तिचा वाकडचा पत्ता. तोवर तो फोटो गावातल्या तीन ग्रुपवर फिरून आला होता. वडिलांना मुलीनं आधीच सांगितलं होतं. ते नाराज होते, गप्प होते, पण हळूहळू वळत होते. फोटो फिरला आणि तो घरातला विषय राहिला नाही. चुलते बोलायला लागले, वडील बोलायचे थांबले. मुलगी त्याच रात्री बॅग भरून हडपसरला आत्यांकडे आली.

28 जानेवारीला, हरकतीच्या तीस दिवसांच्या मुदतीला पाच दिवस असताना, चुलत्यांनी हरकत दाखल केली. कलम 7 नुसार हरकत कुणीही घेऊ शकतं, पण ती कलम 4 च्या अटींवरच: आधीचं लग्न, वय, निषिद्ध नातं, मानसिक अक्षमता. घरच्यांची संमती नाही, जात वेगळी आहे, बदनामी होते, यातलं काहीही तिथे चालत नाही. हरकतीचं पहिलं पान नेमकं अशाच मजकुरानं भरलं होतं आणि ते वाचून मी निर्धास्त झाले. दुसऱ्या पानावर मात्र कुणा जाणत्या वकिलानं एक ओळ घातली होती: मुलीची मानसिक स्थिती ठीक नसून तिच्यावर उपचार झालेले आहेत, सबब ती वैध संमती देण्यास असमर्थ आहे.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ती परीक्षेच्या ताणानं समुपदेशकाकडे जायची आणि दोन महिने झोपेची गोळी घ्यायची. घरातल्याच कुणालातरी ते माहीत होतं. एवढ्या भांडवलावर हरकत कलम 4 मध्ये बसली. चौकशी लागली.

"मॅडम, मी वेडी नाही हे सिद्ध कसं करायचं?" तिनं मला विचारलं. मानसोपचारतज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणलं, कंपनीचं पत्र आणलं. वार्षिक कामगिरीचा अहवालही जोडला, ज्यात तिला बढती दिली होती. अधिकारी सभ्य होते, त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, प्रश्न मोजके विचारले. हरकतीनंतर 30 दिवसांत निर्णय द्यायची सक्ती कायद्यात आहे आणि तो त्यांनी वेळेत, 24 फेब्रुवारीला दिला: हरकत फेटाळली. खोडसाळ हरकतीबद्दल कलम 9 खाली हरकतदाराकडून भरपाई घेता येते, जास्तीत जास्त 1,000 रुपये. तीही लावली नाही. लावली असती तरी चुलत्यांचा गाडीच्या डिझेलचा खर्च त्याहून जास्त झाला असेल.

9 फेब्रुवारी

पण 24 तारखेच्या आधी 9 तारीख आली. चौकशी चालू असताना अधिकारी लग्न लावूच शकत नाही. मी म्हणाले, पुढे ढकला. मुलाच्या वडिलांनी साडेतीनशे पत्रिका वाटल्या होत्या. आत्या म्हणाल्या, "सरकारला सवड होईल तेव्हा ते त्याचं बघेल. मी लग्न लावणार आहे."

मी तडजोड सुचवली: समारंभ करा, पण त्याला लग्न म्हणू नका, स्वागत समारंभ म्हणा. आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाचा कप उगाच तोंडाला लावला.

लग्न साधं आणि नेटकं झालं. गुलटेकडीच्या फूलबाजारातून पहाटे आणलेल्या झेंडूच्या पाकळ्या टोपल्यांत भरल्या होत्या, अक्षतांऐवजी. समोर जोतीराव-सावित्रीबाईंचा फोटो. आत्या सुती साडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात वही. माईक मधेच शिट्टी मारायचा, त्या थांबायच्या, शाळेतल्यासारखं माईककडे रागानं बघायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. "भटजी कुठं अडकले?" असं एका पाहुण्यानं दोनदा विचारलं. सगळ्यात गोंधळला तो फोटोग्राफर. अंतरपाट नाही, सप्तपदी नाही, होम नाही, तर नेमका क्षण टिपायचा कुठला? शेवटी त्यानं आत्यांनाच विचारलं, "ताई, लग्न लागलं की सांगा हं." शपथ झाली, दोघांनी एकमेकांना आयुष्याचा जोडीदार म्हणून स्वीकारत असल्याचं मोठ्यानं म्हटलं, हार घातले. आत्यांनी वही मिटली आणि माईकवरच फोटोग्राफरला सांगितलं, "लागलं."

त्या "लागलं"मागे मोठा इतिहास आहे. सत्यशोधक समाज 24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात स्थापन झाला आणि तीन महिन्यांत, 25 डिसेंबरला, पहिलं लग्न लागलं. पुढच्याच वर्षी हडपसरच्या ज्ञानोबा ससाण्यांचं. भटजींना हे सहजासहजी पचणार नव्हतंच. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजी न बोलावता घरचं लग्न लावलं, तेव्हा ग्रामजोशांनी, म्हणजे गावच्या वतनदार भटजींनी, दावा लावला: आमचं वतन आहे, बोलवा न बोलवा, दक्षिणा द्या. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं आणि निकाल पाटलांच्या बाजूनं लागला. जोशाला न बोलावता लग्न लावता येतं, हा प्रश्न आपल्याकडे तेव्हाच सुटला असं आपण समजतो.

अर्धाच सुटला

दक्षिणा द्यावी लागत नाही, एवढंच सुटलं. असं लागलेलं लग्न कायद्याला लग्न वाटतं का, हा प्रश्न उरला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 7 म्हणतं की लग्न दोघांपैकी कुणाच्याही रूढीप्रमाणे विधी करून लावता येईल, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. कलम भटजी मागत नाही. सप्तपदी सगळ्यांना सक्तीची आहे असंही म्हणत नाही. पण रूढी मागतं, आणि रूढीची व्याख्या त्याच कायद्यात आहे: दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळलेली. आता पुन्हा त्या 1989 कडे या. आजोबांचं सत्यशोधक, वडिलांचं भटजींचं, नातवाचं पुन्हा सत्यशोधक. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार: अखंड कुठे आहे? घराऐवजी चळवळीची दीडशे वर्षांची परंपरा पुढे करून मी भांडेन, आणि कदाचित जिंकेनही. पण 'कदाचित'च्या भरवशावर कुणाचा संसार उभा करायचा नसतो.

कारण याची किंमत बहुतेक वेळा बाईच मोजते. 1965 चा लोखंडे खटला महाराष्ट्रातलाच. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, फिर्याद झाली, आणि सुप्रीम कोर्टात तो सुटला, कारण दुसऱ्या लग्नात आवश्यक विधी झाल्याचं सिद्ध झालं नाही. विधी नाही म्हणून लग्न नाही, लग्न नाही म्हणून गुन्हा नाही. एप्रिल 2024 मध्ये न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठानं हेच दुसऱ्या टोकानं सांगितलं: विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानं हिंदू लग्न सिद्ध होत नाही. त्या निकालावर बातम्या आल्या त्या लग्नातल्या नाचगाण्याबद्दलच्या टिप्पणीच्या. आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा आला तो मात्र या वाक्यानं.

मी मुलीला हे समजावत होते तेव्हा मुलगा शेजारीच होता. बिचारा कानकोंडा झाला. तिनंच त्याच्या पाठीवर थाप मारली. "तू नाही रे, कायद्यातला नवरा."

पुरोहिताचा रकाना

समारंभानंतर तीन दिवसांनी, मला न सांगता, आत्या जोडप्याला घेऊन महापालिकेच्या एका क्षेत्रीय कार्यालयात गेल्या. रजिस्टर लग्नाला वेळ लागतोय तर निदान झालेल्या लग्नाची नोंद तरी करून घेऊ, असा त्यांचा साधा हिशेब. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्यानुसार ही नोंदणी होते. अर्जावर नवरा, बायको, तीन साक्षीदार यांच्या सह्या लागतात आणि एक रकाना पुरोहिताचा असतो. आत्यांनी त्यात स्वतःचं नाव, वय आणि पत्ता सुवाच्य अक्षरात भरला होता.

संवाद मला तिघांकडून तीन वेळा ऐकायला मिळाला, आणि तिन्ही वेळा तो सारखाच होता.

"पुरोहित कोण?"

"मीच."

"तसं नव्हे, लग्न कुणी लावलं?"

"तेच सांगतेय ना, मी."

लिपिकानं अर्ज उलटा केला, सुलटा केला. "बाई, संस्थेचा काही दाखला? लेटरहेड?"

"भटजींकडे मागता का लेटरहेड?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पण शिक्काही दिला नाही. साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेनं तयार केलेल्या स्त्री-पुरोहितांची लोकांना सवय झाली आहे, त्यामुळे बाई पुरोहित असण्याचं त्याला वावडं नसावं. त्याला संस्था हवी होती. मागे कुणी नसलेली, नुसती स्वतःच्या नावावर उभी असलेली आत्या त्याच्या रकान्यात मावत नव्हती.

आत्या संतापून माझ्याकडे आल्या. मी मनातल्या मनात त्या लिपिकाचे आभार मानले. त्यानं शिक्का मारला असता तर पुढे घोळ झाला असता. विशेष विवाह कायद्यात लग्नाआधी दोघांनी प्रतिज्ञापन सही करायचं असतं, त्यात एक वाक्य आहे: मी सध्या अविवाहित आहे. खोटं प्रतिज्ञापन हा गुन्हा. एकीकडे 9 फेब्रुवारीच्या लग्नाचा महापालिकेचा दाखला आणि दुसरीकडे मार्चमध्ये "मी अविवाहित", दोन्ही एका फाइलमध्ये कसं ठेवणार? दुसरा मार्ग कलम 15 चा होता, झालेलं लग्न या कायद्याखाली नोंदवायचं. त्याला पुन्हा 30 दिवसांची जाहीर सूचना, आणि चुलते गावात बसलेलेच होते.

म्हणून मी फाइलमध्ये दीड पानी टिपण लिहिलं. 9 फेब्रुवारीचा कार्यक्रम हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 च्या अर्थानं विवाहसंस्कार नव्हता. सप्तपदी झाली नाही. उभय पक्षांच्या घराण्यात अशी अखंड रूढी असल्याचा पुरावा नाही. सबब दोघंही कायद्याच्या दृष्टीनं अविवाहित आहेत. कायदा म्हणून टिपण बिनचूक आहे, आजही तेच लिहीन. सही करताना मात्र लक्षात आलं, आपण ओतूरच्या जोशांचं वकीलपत्र घेतलंय. जोशी निदान दक्षिणेपुरतेच भांडत होते. मी तर लग्नच नाकारत होते.

आत्यांना टिपण दाखवणं भाग होतं, कारण त्या साक्षीदार होणार होत्या. त्यांनी ते दोनदा वाचलं, 'कार्यक्रम' या शब्दावर बोट ठेवलं, आणि काही बोलल्या नाहीत.

4 मार्चला, नोटिशीची तीन महिन्यांची मुदत संपायला महिना असताना, लग्न लागलं. मुलीच्या हातात 9 तारखेचा हिरवा चुडा तसाच होता. "काढू का बांगड्या?" तिनं जिन्यात विचारलं. आत्या म्हणाल्या, "अजिबात नाही." त्याच हातानं तिनं "सध्या अविवाहित"खाली सही केली. लिपिकाची नजर बांगड्यांवर गेली, कागदावर आली आणि तिथेच राहिली. मग अधिकाऱ्यांनी दोघांकडून कायद्यात ठरलेलं वाक्य म्हणून घेतलं: मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो, मी तुम्हाला पती म्हणून. तीन साक्षीदारांत दुसरी सही आत्यांची.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "मी जे म्हणून घेतलं तेच यानं म्हणून घेतलं. फरक काय तो सांगा. त्याला पगार आहे."

काय बदलता येईल

आत्यांचा हा प्रश्न मी टाळू शकले नाही, कारण कायद्यात त्याला धड उत्तरच नाही. तमिळनाडूनं हा पेच 1967 मध्ये सोडवला. तिथे हिंदू विवाह कायद्यात कलम 7अ घातलं: नातेवाईक, मित्र किंवा इतर कुणाच्याही समोर दोघांनी एकमेकांना स्वीकारल्याचं त्यांना समजणाऱ्या भाषेत सांगितलं, किंवा हार घातले, अंगठी घातली, ताली (तिकडचं मंगळसूत्र) बांधली, की लग्न झालं. पुरोहित लागत नाही. आधी अशा पद्धतीनं झालेली, पेरियारांच्या चळवळीतली स्वाभिमान लग्नंही त्यांनी त्याच फटक्यात वैध केली. सुप्रीम कोर्टानं 2001 मध्ये अशा लग्नाला मान्यता दिली आणि 2023 मध्ये तर वकिलाच्या साक्षीनं, गाजावाजा न करता लागलेलंही चालतं असं सांगितलं. विवाह हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा विषय आहे, महाराष्ट्र विधिमंडळाला अशी दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती घेता येते. जिथे ही पद्धत 1873 ला सुरू झाली तिथे ती मागावी लागते, ही आपल्याला लाज आणणारी गोष्ट आहे. आपण फुलेवाड्याला फुलं वाहतो आणि तिथल्या पद्धतीनं लागलेल्या लग्नाला 'कार्यक्रम' म्हणतो. (म्हणणारी मीच, हे मान्य.)

दुसरी गोष्ट याहून सोपी आहे. विशेष विवाह कायद्याच्या कलम 3 मध्ये राज्य सरकार "एक किंवा अधिक व्यक्तीं"ना विवाह अधिकारी नेमू शकतं असं आहे. ती व्यक्ती सरकारी नोकरच हवी अशी अट त्या कलमात नाही. म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका विवाह अधिकारी होऊ शकते, कायद्यात एक काना-मात्रा न बदलता. हे काही जगावेगळं नाही. ख्रिस्ती विवाह कायद्यात 1872 पासून, धर्मगुरू नसलेल्या ख्रिस्ती व्यक्तीलाही लग्नाचा दाखला देण्याचा परवाना सरकार देऊ शकतं. 1880 च्या काझी कायद्यात तर काझी हजर असणं लग्नाला आवश्यक नाही असं स्पष्टच आहे.

इथे एक धोका मला दिसतो. परवाने मोजक्यांना मिळाले की ते नवे जोशी होतील, लेटरहेडसकट. त्यामुळे यादी खुली हवी आणि फी ठरलेली. रजिस्टर नीट ठेवलं नाही तर परवाना गेला पाहिजे.

आणि नोटीस. ती पूर्ण उडवा असं माझे काही चळवळीतले मित्र म्हणतात, मी तितकं म्हणत नाही. पहिली बायको जिवंत असताना दुसरीशी रजिस्टर लग्न करायला निघालेला इसम मी पाहिला आहे. पण त्याला बोर्डावरच्या कागदानं पकडलं नव्हतं, पहिलीच्या भावानं पकडलं, तेही योगायोगानं. वय, पत्ता, आधीचं लग्न हे कागदांवरून आणि सरकारी नोंदींवरून तपासता येतं. त्यासाठी वाकडचा पत्ता गावच्या भिंतीवर लावायची गरज नाही. आणि गंमत बघा, पुण्यापासून तासाभरावर आळंदीला त्याच दिवशी लग्न लावून मिळतं. हिंदू विवाह कायद्यात नोटीसच नाही, त्यामुळे तिथे बोर्ड नाही आणि हरकतही नाही. सरकारी दारातून जाणाऱ्याला महिनाभर भिंतीवर टांगायचं आणि बाजूच्या दारानं जाणाऱ्याला काहीच विचारायचं नाही, याला दक्षता म्हणत नाहीत.

विधी आयोगानं 2012 च्या 242 व्या अहवालात हा मधला काळ काढून टाकायला सुचवलं. केरळनं 2020 मध्ये नोटिसा संकेतस्थळावर टाकणं बंद केलं. अलाहाबाद हायकोर्टाच्या लखनौ खंडपीठानं जानेवारी 2021 मध्ये नोटीस लावायची की नाही हे जोडप्यावर सोपवलं. म्हणजे केंद्राचा एकच कायदा लखनौला एक सांगतो आणि पुण्याला दुसरं. कायमच्या पत्त्यावरच्या जिल्ह्यात प्रत पाठवणं तरी आधी थांबवा, एवढं जरी झालं असतं तरी या प्रकरणात चुलत्यांना काही कळलं नसतं आणि मुलीचे वडील कदाचित 9 तारखेला पहिल्या रांगेत बसले असते. ते अजून आलेले नाहीत. गणपतीत फोन केला होता, मुलीनं सांगितलं.

राहिला पुरोहिताचा रकाना. तिथे "लग्न लावणारी व्यक्ती" एवढं छापायचं आहे. त्याला छपाईची शाई लागते, बाकी काही नाही.

हे सगळं आम्ही निवेदनात लिहिलं आणि दोन आमदारांना दिलं. आत्यांनी माझा मसुदा वाचला, भाषा बोजड आहे म्हणाल्या, आणि स्वतःचा वेगळा अर्ज लिहिला. फुलस्केप कागद, समासाला घडी, नऊ ओळी: विशेष विवाह अधिनियम 1954 च्या कलम 3 अन्वये माझी हडपसर भागासाठी विवाह अधिकारी म्हणून नेमणूक व्हावी; मला मानधन नको. अनुभवाच्या पुढे त्यांनी लावलेल्या लग्नांचा आकडा होता, 41. त्यात भाच्याचं धरलंय का, असं मी विचारलं.

"धरणार नाही तर काय?"

संबंधित खात्याकडून अजून उत्तर आलेलं नाही. आवक शिक्क्याची पोच आत्यांनी वहीत, मंगलाष्टकांच्या पानांत ठेवली आहे. आता कुणी लग्न लावायला बोलावलं की त्या हॉलची तारीख विचारायच्या आधी जोडप्याला माझ्याकडे पाठवतात.